मनगट मोडलं तर: पडल्या क्षणापासून पोळी लाटेपर्यंत

तोल गेला की माणूस हात पुढे टाकतो. डोकं आणि तोंड वाचवायची ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ठरवून थांबवता येत नाही. ओल्या न्हाणीघरात, शेवाळलेल्या अंगणात, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अंगाचा सगळा भार तळहातावर येतो, मनगट मागे दुमडतं आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, सांध्यापासून साधारण अडीच सेंटीमीटर आत मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडीचं वर्णन लिहिलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा आणखी ८१ वर्षं होती. हाताचा आकार बघून आणि चाचपून त्यांनी हे ओळखलं होतं. आजही डॉक्टर याला कॉलिस फ्रॅक्चरच म्हणतात.

हाड पाच-सहा आठवड्यांत जुळतं, ते काम शरीर बहुतेक वेळा नीट करतं. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं. बोटं आखडतात, खांदा धरतो, तळहात उताणा होत नाही, आणि एक्स-रेत हाड झकास जुळलेलं असताना हाताने शर्टाची गुंडी लागत नाही. म्हणून पुढे हाडापेक्षा बोटांविषयी जास्त लिहिलं आहे.

पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी बांगड्या आणि अंगठ्या. पाटल्या, घड्याळ, मनगटाचा गंडा, सगळं लगेच उतरवा, कारण सूज पहिल्या तासाभरातच भराभर वाढते आणि मग हेच दागिने बोटाला फास लावतात. काचेची बांगडी निघत नसेल तर वाढवा, त्यात शुभ-अशुभ बघत बसू नका. बांगडीखाली दुमडलेला रुमाल सरकवायचा, वरून दुसरं फडकं टाकायचं आणि कापडासकट पक्कडीने दाबायचं. काच उडत नाही, कातडीही वाचते.

अंगठी साबण लावून, गोल फिरवत काढा. अडकली तर दोऱ्याची युक्ती करून बघा. शिवणाचा मजबूत दोरा घ्या आणि त्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला ओढून घ्या. उरलेला दोरा अंगठीला लागून, वेढ्याला वेढा भिडवत, बोटाच्या पेरावरून पुढपर्यंत घट्ट गुंडाळा. आता तळहाताकडचं टोक धरून बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत चला. एकेका वेढ्यागणिक अंगठी पुढे सरकते. बोटच मोडलं असेल तर मात्र हे करू नका. दवाखान्यात अंगठी कापायचं यंत्र असतं, आणि कापलेली अंगठी सोनार जोडून देतो.

मग हात बाजूने बघा. टेबलावर पालथा ठेवलेला जेवणाचा काटा जसा दिसतो तसा मनगटामागे उंचवटा आणि पुढे खोलगा दिसला, तर हाड सरकलेलं आहे. तो हात ओढून ‘सरळ’ करायला जाऊ नका. जखम असेल, हाड बाहेर दिसत असेल, तर स्वच्छ कापडाने नुसतं झाका. हळद, कॉफी, माती काहीही भरू नका आणि हाड आत ढकलू नका. अशा वेळी अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं, म्हणून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

बोटांची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. नख पाच सेकंद दाबून सोडा, पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नंतर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना हळूच स्पर्श करून विचारा, नीट कळतंय का. तिथे मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मनगटातून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली गेली आहे, हे डॉक्टरांना दारातच सांगा.

हाताला आधार द्यायला घरातलं वर्तमानपत्र पुरतं. दहा-बारा पानांची जाड घडी करून तिला पन्हळीसारखा आकार द्या. कोपराच्या किंचित खालून बोटांच्या मुळांपर्यंत ती पोचली पाहिजे. आत नॅपकिन अंथरा, हात जसा आहे तसाच अलगद ठेवा आणि ओढणीच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी बांधा: कोपराखाली आणि तळहातावर. मोडीच्या बरोबर वर गाठ नको. पट्टीखाली एक बोट सहज जावं इतकीच घट्ट. मग ओढणीची झोळी गळ्यात, पंजा कोपरापेक्षा वर आणि बोटं उघडी. बर्फ टॉवेलात गुंडाळून १० ते १५ मिनिटं लावा, थेट कातडीवर नको.

‘घोटभर चहा घे, बरं वाटेल’ हे आपल्याकडे हमखास होतं. देऊ नका. हाड बसवायला भूल द्यावी लागली तर जेवणाला सहा तास झालेले असावे लागतात, साध्या पाण्याला दोन. दुधाचा चहा अन्नातच मोजतात. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते.

तेल चोळू नका. चोळल्याने मोडलेली टोकं हलतात, आत रक्त जास्त साकळतं. हाडवैद्याकडे जाण्याची पद्धत अजून गावोगाव आहे. तिथला खरा धोका एक्स-रेशिवाय घट्ट आवळलेल्या बांबूच्या कामट्यांचा आहे. आत सूज वाढत जाते, बाहेरचा पट्टा सैल होत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरतात. मग बोटं कायमची आत वळलेली राहतात. हाडजोडीचा वेल वाटून लावल्यानेही सरकलेलं हाड जागेवर येत नाही.

एक्स-रेत काय बघतात

किमान दोन बाजूंनी फोटो घेतात, समोरून आणि कडेने. त्यातला कडेचा महत्त्वाचा. निरोगी रेडियसचा सांध्याकडचा पृष्ठभाग तळहाताच्या दिशेला सुमारे ११ अंश झुकलेला असतो. मोडल्यावर तो मागे कलतो. भूल देऊन, हात ओढून हाड बसवल्यानंतरही तो मागे १० अंशांहून जास्त कललेला राहिला, हाड ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड झालं, किंवा सांध्याच्या आत २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी राहिली, तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो. तळहाताच्या बाजूने प्लेट आणि स्क्रू बसवतात, नाहीतर बाहेरून तारा घालतात, त्या चार ते सहा आठवड्यांनी काढतात. प्लेटचा खरा फायदा हा की मनगट लवकर हलवायला मिळतं.

पासष्टीच्या पुढे मात्र घाई नको. या वयात थोडं वाकडं जुळलेलं मनगटही वर्षभराने शस्त्रक्रिया केलेल्या मनगटाइतकंच काम देतं, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हात दिसायला वाकडा राहतो, एवढंच. ‘ऑपरेशन करायचं का?’ या प्रश्नाऐवजी ‘असंच जुळलं तर मला नेमकं काय जमणार नाही?’ असं विचारा. उत्तर लगेच ठोस मिळू लागतं.

तरुण माणूस गाडीवरून किंवा कबड्डीच्या मैदानात पडला आणि एक्स-रे साफ आला, तर गाफील राहू नका. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी एक खळगी पडते. तपकीर ओढणारे पूर्वी चिमूट तिथे ठेवून ओढत. त्या खळगीत दाबल्यावर कळ येत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलेलं असू शकतं. पहिल्या दिवशीच्या फोटोत ही तडा पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून मोड आहे असं धरून आधार बांधतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो, किंवा आधीच एमआरआय. या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून येतं, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही आणि काही वर्षांत मनगट झिजतं.

लहान मुलांचं हाड हिरव्या काटकीसारखं असतं, वाकतं आणि एका बाजूनेच चिरतं. बहुतेकांना तीन-चार आठवडे पुरतात. फक्त वाढीच्या थरातून मोड गेली असेल तर नंतरही तपासणी चुकवू नये.

कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर

पहिल्या दिवशी एका बाजूला प्लास्टरचा जाड पट्टा ठेवून वरून बँडेज गुंडाळतात, यालाच कच्चं प्लास्टर म्हणतात. ‘डॉक्टरांनी कच्चंच घातलं’ म्हणून दुसरीकडे धाव घेणारे असतात. खरं तर पहिल्या दिवसांत सुजेला जागा देणारं कच्चं प्लास्टरच शहाणपणाचं. सूज उतरल्यावर, साधारण ७ ते १० दिवसांनी, पक्कं घालतात.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते जिप्समच्या भुकटीचं पाण्याशी होणारं साधं रसायन आहे. कोमट वाटणं ठीक, चटका बसणं ठीक नाही, लगेच बोला. पुढचे ४८ तास ते आतून ओलं असतं. त्या काळात पांघरुणात गुंडाळू नका आणि बोटांच्या टोकांनी दाबून धरू नका. टोकांनी पडलेला खड्डा आतल्या बाजूने कातडीला टोचतो आणि तिथे जखम होते. उचलायचं तर पसरलेल्या तळव्यावर. फायबरचं प्लास्टर तासाभरात कडक होतं, हलकं असतं, पण ‘पाणी लागलं तरी चालतं’ हा गैरसमज आहे. बाहेरच्या फायबरला काही होत नाही. आतला कापूस भिजतो, दिवसचे दिवस ओला राहतो आणि कातडी कुजते.

प्लास्टर घालून झालं की खोलीतून बाहेर पडायच्या आधी स्वतःच्या तळहाताकडे बघा. हस्तरेषा बघणारे जिला हृदयरेषा म्हणतात, करंगळीखालून निघून तर्जनीकडे जाणारी ती वरची आडवी रेषा, पूर्ण उघडी दिसली पाहिजे. बोटं मुळाशी त्या रेषेवर दुमडतात. प्लास्टर त्या रेषेवर चढलं असेल तर मूठ वळणार नाही, आणि सहा आठवडे मूठ न वळलेली बोटं पुढे सहा महिने छळतात. चारही बोटं तळहाताला टेकवून बघा, अंगठा करंगळीपर्यंत नेऊन बघा, कोपर पूर्ण वाकवून बघा. अडत असेल तर तिथेच सांगा, कड कापायला दोन मिनिटं लागतात.

पहिले दोन-तीन दिवस हात हृदयापेक्षा वर. झोपताना शेजारी दोन उशा, बसताना टेबलावर उशी. झोळीत लोंबता ठेवलेला हात वर नसतो, खालीच असतो. म्हणून झोळी फक्त बाहेर जाताना. दिवसभर झोळी घालून बसणाऱ्यांचा मनगटापेक्षा खांदाच आधी धरतो.

आता रात्री दोन वाजताही दवाखान्यात जाण्याची कारणं. गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय. दुसऱ्याने तुमची बोटं हलकेच सरळ केली तरी किंकाळी फुटते. बोटं गार, पांढरी किंवा निळी पडली. बधिरपणा नव्याने आला किंवा वाढला. यातलं एक जरी असलं तरी प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत चिरावं लागतं. फक्त वरचं कवच चिरून भागत नाही, कारण रक्ताने कडक झालेला कापूसही आवळतो. कापल्याने हाड सरकेल ही भीती बाजूला ठेवा. सरकलेलं हाड पुन्हा बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही. कुबट वास, बाहेर उमटलेला ओला डाग किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

खाज सुटते, सगळ्यांनाच. पट्टी, विणायची सुई, पेनची रिफिल आत घालू नका. ओरखडा पडतो, घामाने चिघळतो आणि प्लास्टर निघेपर्यंत कुणाला दिसत नाही. ड्रायरची गार हवा सोडा, किंवा प्लास्टरवर टकटक करा. अंघोळीला दोन पिशव्या, एकीवर एक, वर चिकटपट्टी, आणि हात बादलीपासून लांब, उंच धरलेला.

एक आठवडा आणि दोन आठवडे झाले की पुन्हा एक्स-रे असतो. सूज उतरल्यावर प्लास्टर सैल होतं आणि बसवलेलं हाड आतल्या आत घसरू शकतं. घसरताना ते फारसं दुखतही नाही. ‘दुखत नाही, मग कशाला खर्च’ म्हणून लोक नेमकी हीच फेरी टाळतात. दोन आठवड्यांपर्यंत हाड पुन्हा बसवणं त्यातल्या त्यात सोपं, तीन आठवड्यांनंतर ते वाकडंच घट्ट झालेलं असतं.

बोटं प्लास्टरमध्ये नाहीत

पहिल्याच संध्याकाळपासून सुरुवात. दुखतं, पण बोटं हलवल्याने मनगटाची मोड सरकत नाही. बोटं हलवल्याने स्नायू पंपासारखे सूज वर ढकलतात. जागेपणी दर दोन तासांनी, प्रत्येक हालचाल १० वेळा:

१. बोटं पूर्ण सरळ, ‘थांब’ म्हणून हात दाखवतो तशी.
२. मुळाशी सरळ ठेवून वरची पेरं आकड्यासारखी वाकवा, मांजराच्या पंजासारखी.
३. पूर्ण मूठ, नखं तळहातात रुतेपर्यंत.
४. बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवा, टेबलासारखा काटकोन.
५. बोटं फाकवा आणि मिटा.
६. अंगठ्याचं टोक एकेका बोटाला, शेवटी करंगळीच्या मुळाला.

सूज असताना मूठ पूर्ण वळणार नाही. तेव्हा दुसऱ्या हाताने उरलेलं अंतर हळूच मिळवून द्या आणि पाच सेकंद धरून ठेवा. याशिवाय दिवसातून तीनदा हात सरळ छताकडे, मग वेणी घालायला जातो तसा मानेमागे, मग पाठीमागे. कोपर पूर्ण वाकवा, पूर्ण सोडा.

हात शोभेचा ठेवू नका. मटार सोला, लसूण सोला, पान उलटा, गुंड्या लावा, घास भरवा. भरलेल्या कपापेक्षा जड काही उचलू नका आणि खुर्चीतून उठताना त्या हातावर भार देऊ नका.

दोन गोष्टींवर नजर हवी. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा छताकडे उचलून बघा, आठवड्यातून एकदा. अंगठा उचलणारी नस, म्हणजे स्नायूचा दोर, मोडीच्या जागेवरून घासत जाते आणि काही आठवड्यांनी अचानक तुटू शकते. गंमत अशी की हे अगदी न सरकलेल्या, ‘किरकोळ’ मोडीतही होतं, फारसं दुखत नाही आणि म्हणून उशिरा लक्षात येतं. दुसरी गोष्ट, मोडीच्या मानाने फारच जास्त जळजळ, चकाकणारी तांबूस किंवा निळसर कातडी, कधी गरम कधी गार हात, भलताच घाम, नुसत्या वाऱ्यानेही दुखणं. याला सीआरपीएस म्हणतात. लवकर फिजिओथेरपी सुरू झाली तर आटोक्यात येतं. हात कुशीत जपून बसलं तर बळावतं. काही डॉक्टर हे टाळायला व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस देतात. त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, पण खर्च आणि धोका दोन्ही कमी.

ताटात काय

पायसूप पिऊन हाड जुळतं असं नाही, पण पुरेसं प्रथिन मात्र लागतं: वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम. नुसत्या पातळ वरण-भातावर ते भरत नाही. उसळ, अंडी, मासे, पनीर, दूध यांतून भरा. कॅल्शियम प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बायकांना १२००. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. दोन नाचणीच्या भाकऱ्या, दोन वेळा दूध किंवा दही आणि तिळाची चटणी एवढ्यात बराच पल्ला गाठला जातो. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक, आठ आठवडे अशी देतात. ती चुकून रोज घेतली जाते, किंवा ‘चांगली असते’ म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते. मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

तंबाखू बंद. यात मशेरीही आली. घरातली आजी ‘मी कुठे तंबाखू खाते’ म्हणते आणि दिवसातून चारदा मशेरी लावते. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो.

प्लास्टर निघाल्यावर

कापायच्या यंत्राचा आवाज भीतीदायक, पण त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते. गरम लागलं तर थांबवायला सांगा.

आतून निघणारा हात बारीक, पापुद्रे सुटलेला, आखडलेला असतो. दचकू नका. पापुद्रे घासून काढू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, खोबरेल लावा. हलक्या हाताने तेल लावायची वेळ आता आली. पण कुणाला मनगट जोर लावून ‘मोकळं’ करू देऊ नका.

पहिले दोन आठवडे फक्त स्वतःच्या ताकदीने हालचाल. कोपरापासूनचा हात टेबलावर, पंजा कडेबाहेर. मनगट वर, पाच सेकंद, मग खाली, पाच सेकंद. दहा वेळा, दिवसातून चारदा. वर उचलताना मूठ सैलसर मिटलेली हवी. बोटं ताठ ठेवून उचललं तर बोटांचे स्नायूच काम उरकतात आणि मनगटाचे आळशी राहतात. बरेच जण दोन महिने हाच चुकीचा व्यायाम करत असतात. मग पंजा डावी-उजवीकडे, दार पुसतो तसा.

सगळ्यात चिवट असतं ते तळहात उताणा करणं. तीर्थ घ्यायला हात पुढे करतो तशी ही हालचाल. दुकानदाराकडून सुट्टे पैसे घेताना, तोंडावर पाणी मारताना ती लागते. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात ठेवा, मुठीत पेन्सिल उभी धरा आणि पेन्सिल आडवी होईपर्यंत हात बाहेर फिरवा. कोपर अंगापासून सुटलं तर खांदा फसवतोय, मनगट फिरत नाहीये. बगलेत घडी केलेला नॅपकिन धरा, तो पडला की चूक कळते. दोन आठवड्यांनी पेन्सिलीऐवजी लाटणं एका टोकाला धरा, त्याच्या वजनाने शेवटचे काही अंश मिळतात.

किती दुखलं तर चालेल? व्यायाम करताना ताण बसून थोडं दुखलं आणि तासाभरात ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जास्त सुजलेला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या.

मोडीपासून आठ आठवडे झाले आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की जोर. छातीसमोर नमस्कार करून तळहात जुळलेले ठेवत हात हळूहळू खाली न्या, २० ते ३० सेकंद ताण धरा. अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे अर्ध्या किलोचं वजन, वेगळं डंबेल नको. पकडीसाठी आधी बादलीत स्पंज पिळा, मग ओला नॅपकिन. कणीक मळायची तर एक वाटी पिठाची, सैल. पोळी लाटायला साधारण दहावा आठवडा उजाडतो. भाकरी थापणं त्याच्याही पुढे, कारण मागे वाकलेल्या मनगटावर पुन्हा पुन्हा थाप बसते. भरलेला कुकर एका हाताने आणि भरलेली बादली बाराव्या आठवड्याआधी नको. दुचाकीला उजवा हात असेल तर अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही तोच. टॉवेल न दुखता पिळता येत नाही तोवर गाडी काढू नका. सूर्यनमस्कार तीन-चार महिन्यांनी, तेही आधी भिंतीवर तळवे टेकून, मग ओट्यावर, शेवटी जमिनीवर.

करंगळीच्या बाजूला दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, बहुतेकांचं हळूहळू जातं. बरीच सुधारणा तीन ते सहा महिन्यांत होते, उरलेली वर्षभर चालू राहते.

पुढचं पडणं

पन्नाशीनंतर, नुसतं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तर ते ‘पाय घसरला म्हणून’ एवढ्यावर सोडू नका. हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना असू शकते, आणि पुढची मोड खुब्याची असू शकते. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. नुसतं कॅल्शियम त्याला पुरत नाही, औषध लागतं. आठवड्याची गोळी दिली असेल तर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, चहाही नको. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो.

घरात सगळ्यात आधी न्हाणीघर. टॉवेलचा दांडा आधाराचा नसतो, धरला की स्क्रूसकट हातात येतो. पक्क्या भिंतीत बसवलेला, अंगाचा भार पेलणारा दांडा लावा: एक कमोडशेजारी, एक अंघोळीच्या जागी. कडेने घसरणारी पायपुसणी काढून टाका, किंवा खाली रबर असलेली घ्या. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून ताठ खराट्याने घासा, आठवड्याला एकदा, आणि घासताना पायात पकड असलेली चप्पल हवी. झिजलेल्या तळव्याची सपाता फेकून द्या. साडी घोट्याच्या वर नेसा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा ठेवा. रात्री उठताना आधी कडेवर बसून मनात तीस आकडे मोजा, मग उभं राहा. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर हे जास्तच. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

तोल हा सरावाने सुधारतो. सकाळी गॅसवर दूध तापत ठेवलं की ओट्याला दोन बोटं टेकवून एका पायावर उभं राहा. आधी दहा सेकंद, जमेल तसे तीस, मग दुसरा पाय. नंतर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. बोटं ओट्यावरून उचलायची घाई नको, आणि डोळे मिटून तर करूच नका. लक्ष दुधावर असलेलं बरं.